9,308 मतांच्या आधीचे तास

23 नोव्हेंबर 2024 रोजी देवळी विधानसभा मतदारसंघातून भाजपचे राजेश बकाने 9,308 मतांनी निवडून आले आणि काँग्रेसचे रणजित कांबळे हरले. 1999पासून कांबळे सलग पाच वेळा जिंकले होते. वर्धा नदीकाठचे पुलगाव याच मतदारसंघात येते. 2004च्या निवडणुकीपर्यंत मतदारसंघाचे नावही पुलगावच होते आणि ते नाव काँग्रेस नेत्या प्रभा राव यांच्याशी जोडलेले होते. कांबळे त्यांचे भाचे. 2009मध्ये पुनर्रचनेने नाव बदलले, आमदार बदलला नाही.

मी या निकालाकडे पुन्हा पुन्हा वळतो, कारण त्यातले जवळजवळ सगळे आकडे आधीच जाहीर होते.

19 ऑक्टोबर 2014

मतमोजणीचा दिवस. तीन आठवड्यांपूर्वी, 25 सप्टेंबरला, राज्यातल्या दोन्ही युत्या एकाच दिवशी तुटल्या होत्या. भाजप आणि शिवसेना वेगळे झाले, काँग्रेस आणि राष्ट्रवादीही वेगळे झाले. अर्ज भरायला 27 सप्टेंबरच्या दुपारी तीनपर्यंतच वेळ होता.

देवळीत कांबळेंना 62,533 मते पडली आणि भाजपचे माजी खासदार सुरेश वाघमारे यांना 61,590. फरक 943 मतांचा.

एखाद्या मतदान केंद्राच्या यादीत जेवढी नावे असतात, जवळजवळ तेवढीच ही मते. 472 जणांनी शेजारचे बटण दाबले असते तर आमदार दुसरा झाला असता. पहिला इशारा हाच, आणि तो पूर्ण दहा वर्षे आधी मिळाला होता.

23 मे 2019

लोकसभेचा निकाल. वर्ध्यातून प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस काँग्रेसतर्फे उभ्या होत्या. देवळीचे पैलवान आणि भाजपचे उमेदवार रामदास तडस 1,87,191 मतांनी जिंकले. हेच तडस 2009च्या विधानसभेला कांबळेंकडून हरले होते.

7 ऑक्टोबर 2019, दुपारी 3

अर्ज मागे घेण्याची मुदत संपली.

भाजप आणि शिवसेना पुन्हा एकत्र आले होते आणि जागावाटपात देवळी शिवसेनेकडे गेली होती. युतीचे उमेदवार समीर देशमुख. भाजपचे स्थानिक नेते राजेश बकाने यांनी अपक्ष अर्ज भरला होता. तीन वाजून गेले तरी त्यांचे नाव यादीत होते.

पाच वर्षांनंतरचा निकाल कुठे सुरू झाला असे कोणी विचारले, तर मी या दुपारकडे बोट दाखवीन. त्या दिवशी मात्र ती साधी बंडखोरी होती. अशा बंडखोऱ्या तेव्हा राज्यात अनेक ठिकाणी झाल्या.

24 ऑक्टोबर 2019

कांबळे 75,345. बकाने, अपक्ष, 39,541. देशमुख, शिवसेना, 30,978.

मताधिक्य 35,804. हाच आकडा जाहीर झाला आणि हाच लक्षात राहिला. 943 वरून 35,804. पाच वर्षांत गड भक्कम झाला, असा त्याचा सरळ अर्थ निघत होता.

दुसरी बेरीज त्याच कागदावर होती. 39,541 अधिक 30,978 म्हणजे 70,519. ही मते एकाच चिन्हावर पडली असती तर कांबळेंचे मताधिक्य 4,826 उरले असते.

मते अशी सरळ मिळवता येत नाहीत, हे मान्य. अपक्षाला पडलेले प्रत्येक मत त्याच्या जुन्या पक्षाचे नसते. शिवसेना तर 2022मध्ये दुभंगली. तिचा एक भाग पुढे भाजपबरोबर गेला, दुसरा काँग्रेसबरोबर राहिला. तरीही एका अपक्षाने, पक्षाच्या चिन्हाशिवाय, युतीच्या अधिकृत उमेदवारापेक्षा 8,563 मते जास्त घेतली होती. त्याला पुढच्या वेळी कमळ मिळाले तर काय होईल, हा प्रश्न त्याच संध्याकाळी विचारता येण्याजोगा होता.

4 जून 2024. विधानसभेच्या मतमोजणीला 172 दिवस

लोकसभेचा निकाल. काँग्रेसचा समावेश असलेल्या महाविकास आघाडीचे अमर काळे यांनी तडस यांना 81,648 मतांनी हरवले. पाच वर्षांपूर्वीचा 1,87,191चा फरक नुसता भरून निघाला नाही, उलटला. जिल्ह्यातल्या काँग्रेससाठी यापेक्षा चांगली बातमी नव्हती.

सगळ्या आकड्यांत हा सर्वांत फसवा निघाला.

28 जून 2024

राज्याच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली. महिन्याला 1,500 रुपये. ऑगस्टमध्ये पहिले हप्ते खात्यात आले. आचारसंहिता लागण्यापूर्वी पाच महिन्यांचे 7,500 रुपये जमा होऊ लागले होते. पैसे थेट बाईच्या स्वतःच्या खात्यात पडले. ज्या घरात कापूस विकल्याचा पैसा पुरुषाच्या हाती येतो, तिथे ही छोटी गोष्ट नाही.

15 ऑक्टोबर 2024, दुपारी 3.30. मतमोजणीला 928.5 तास

दिल्लीत निवडणूक आयोगाची पत्रकार परिषद. मतदान 20 नोव्हेंबर, एकाच टप्प्यात. मतमोजणी 23 नोव्हेंबर. आचारसंहिता लागू.

देवळी तालुक्यात सोयाबीन काढणीला आलेले, कपाशीची वेचणी तोंडावर. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये, आणि बाजारात कास्तकाराला त्याहून कमी मिळत होते. पुढच्या महिनाभरात एका बाजूने 6,000 चे आश्वासन दिले, दुसऱ्या बाजूने 7,000 चे. बहिणींच्या 1,500 चे एकीकडे 2,100 झाले, दुसरीकडे 3,000. दोन्ही वेळा काँग्रेसच्या आघाडीचा आकडा मोठा होता. फरक एवढाच की सत्तेतल्या बाजूचे 1,500 आधीच खात्यात पडले होते.

4 नोव्हेंबर, दुपारी 3. मतमोजणीला 449 तास

अर्ज मागे घेण्याची मुदत संपली. 2019च्या त्या दुपारसारखीच ही दुपार, वेळही तीच. बकाने याही वेळी यादीत होते. फक्त नावापुढे या वेळी अपक्ष असे नव्हते. देवळी भाजपने लढवली आणि उमेदवारी त्यांना दिली.

70,519 ची बेरीज आता नुसती कागदावर राहिली नाही.

18 नोव्हेंबर, संध्याकाळी 6. मतमोजणीला 110 तास

प्रचार थांबला. कायद्याने शेवटचे 48 तास सभा नाही, मिरवणूक नाही, भोंगा नाही. मतदारसंघाबाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांनी निघून जायचे. उरले ते घरोघर जाणे.

20 नोव्हेंबर, पहाटे 5.30. साडेचौऱ्याहत्तर तास

मतदान केंद्रांवर मॉक पोल. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान 50 मते टाकून यंत्र तपासतात, मते पुसतात, यंत्राला सील लावतात. बाहेर अंधार असतो.

सकाळी 7. 73 तास

मतदान सुरू.

इथे थोडे थांबावे लागते. सहा वर्षांपूर्वी याच तारखेला, सकाळी सातच्या सुमारासच, याच मतदारसंघात सोनेगाव आबाजीजवळ स्फोट झाला होता. पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या जागेत जुना दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरवला जात होता. सहा जण गेले. एक खमरियाच्या आयुध कारखान्यातला कर्मचारी, बाकीचे रोजंदारीवर आलेले मजूर. 20 नोव्हेंबर 2018. आयोगाने तारीख निवडली ती राज्यभरासाठी, त्यात या गावाचा विचार असण्याचे कारण नाही. पण त्या गावातल्या ज्या घरात ही तारीख पाळली जाते, त्या घरातले लोकही त्या सकाळी मतदानाला निघाले असतील. कोणाच्याही मताधिक्यात ही गोष्ट दिसत नाही. माझ्या मनातून मात्र ती जात नाही.

बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. मग पडते.

संध्याकाळी 5. 63 तास

आयोगाचा राज्याचा आकडा: 58.22 टक्के.

संध्याकाळी 6. 62 तास

जे रांगेत आहेत त्यांना चिठ्ठ्या वाटायच्या, रांगेच्या शेवटच्या माणसापासून सुरुवात करून. त्यानंतर आलेल्याला मत नाही. राज्याचा अंतिम आकडा 66.05 टक्क्यांवर गेला. 2019मध्ये तो 61च्या आसपास होता. लोक जास्त आले होते. कोणासाठी आले, ते आता यंत्रात बंद होते. पुढच्या 62 तासांत कोणालाही काही करता येणार नव्हते.

23 नोव्हेंबर, सकाळी 8

टपाली मते मोजायला घेतली.

सकाळी 8.30

यंत्रे उघडायला सुरुवात. फेरीमागून फेरी, प्रत्येक फेरीनंतर आकडे फळ्यावर.

दुपारपर्यंत राज्याचे चित्र स्पष्ट झाले. भाजप 132, काँग्रेस 16. वर्धा जिल्ह्यात चार जागा. वर्ध्यात पंकज भोयर, हिंगणघाटला समीर कुणावार, आर्वीत सुमित वानखेडे, देवळीत राजेश बकाने. चारही भाजपच्या. आर्वीत पराभूत झालेल्या मयुरा काळे या 172 दिवसांपूर्वी जिंकलेल्या खासदारांच्या पत्नी.

देवळीची अंतिम फेरी. बकाने 90,319. पाच वर्षांपूर्वी अपक्ष म्हणून मिळाली त्यापेक्षा 50,778 जास्त.

कांबळे 81,011. 35,804 च्या मताधिक्याने जिंकले तेव्हा मिळाली त्यापेक्षा 5,666 जास्त.