मल्लपूर ते मल्लेश्वरम : शिलालेख, घरबोली आणि स्वयंपाकघर

बंगळूर शहराच्या वायव्येकडील मल्लेश्वरम हा भाग ज्या काडु मल्लेश्वराच्या देवालयावरून ओळखला जातो, त्या देवस्थानाशी निगडित असा इ. स. १६६९ चा एक शिलालेख उपलब्ध आहे. शहाजीराजे भोसले यांचे पुत्र आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजी (व्यंकोजी) यांनी मल्लपुराच्या मल्लिकार्जुन देवास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. दाता मराठा आहे, लेखाची भाषा मात्र कन्नड आहे. या साध्या वस्तुस्थितीकडे मराठी इतिहासलेखनाचे व्हावे तितके लक्ष गेलेले नाही. दक्षिणेतील मराठी संस्कृतीचा विचार करताना आपण सहसा 'आपले तेथे काय उरले' असा प्रश्न विचारतो. मल्लेश्वरमचा लेख मात्र निराळाच प्रश्न पुढे ठेवतो. जी सत्ता देवाशी आणि रयतेशी प्रथमपासूनच स्थानिक भाषेत बोलत होती, तिच्या बाबतीत 'आपले' आणि 'त्यांचे' ही विभागणी कितपत उपयोगी ठरते? भाषा, आहार आणि सणवार या तीन क्षेत्रांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. दान आणि बांधणी

काडु मल्लेश्वराचे देवालय एकोजीने बांधले, असे विधान परिचयपर लेखनात वारंवार आढळते. शिलालेखाचा आशय याहून मर्यादित आहे. त्यातून दान सिद्ध होते, बांधणी सिद्ध होत नाही. किंबहुना देवाचा निर्देश 'मल्लपुराचा मल्लिकार्जुन' असा स्थलनामासह येतो, यावरून हे दैवत दानापूर्वीच त्या ठिकाणी पूजिले जात होते असे अनुमान करणे अधिक सयुक्तिक ठरते. मराठ्यांनी येथे दैवत आणले नाही. जे दैवत होते त्याच्या योगक्षेमाची व्यवस्था त्यांनी लावली.

या दानाची राजकीय पार्श्वभूमी सर्वश्रुत आहे. इ. स. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडा घराण्याकडून बंगळूर घेतले आणि हा प्रदेश पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत आला. १६६४ मध्ये होदिगेरे येथे शहाजीराजांचे निधन झाल्यानंतर ही जहागीर एकोजीकडे राहिली. १६७५-७६ च्या सुमारास त्याने तंजावर हस्तगत केले आणि मराठी सत्तेचे केंद्र कावेरीच्या खोऱ्याकडे सरकले. १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखानाने बंगळूर घेतले व तीन लक्ष रुपयांस ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयराकडे गेले. म्हणजे बंगळुरावरील भोसले घराण्याचा अंमल जेमतेम अर्धशतकाचा होता. तरीही या अर्धशतकाने दक्षिणेतील मराठी वाङ्मयाला एक वळण दिले.

शहाजीराजांच्या दरबारातील जयराम पिंड्ये याचा 'राधामाधवविलासचंपू' हा ग्रंथ या वळणाचा पहिला साक्षीदार होय. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तो संपादून प्रसिद्ध केला. संस्कृत चंपूच्या चौकटीत अनेक देशभाषांतील रचनांना स्थान देणारा हा ग्रंथ बंगळूरच्या बहुभाषिक दरबाराचे प्रत्यक्ष चित्र आहे. पुढे एकोजीचा पुत्र शाहजी (राज्यकाल १६८४-१७१२) याच्या नावावर तंजावरात 'पंचभाषाविलास' हे पाच भाषांतील नाटक आढळते. ही दोन्ही उदाहरणे जोडून पाहिली तर असे दिसते, की दक्षिणेतील मराठी दरबाराने बहुभाषिकतेकडे अडचण म्हणून पाहिले नाही. ती त्याने वाङ्मयीन रीती म्हणून स्वीकारली. मल्लपुरचा कन्नड दानलेख हा याच वृत्तीचा व्यवहारातील आविष्कार होय.

२. चोळीबांगडीचे बंगळूर

१६७७ च्या दक्षिणदिग्विजयात शिवाजी महाराज व एकोजी यांच्यात जो तह झाला, त्यात बंगळूर, होसकोटे व शिरे हा मुलूख एकोजीची पत्नी दीपाबाई हिला चोळीबांगडीसाठी दिल्याची नोंद परंपरेने जतन केली आहे. राजकीय इतिहासात ही गोष्ट बंधुकलहाच्या समेटाचा तपशील म्हणून सांगितली जाते. आहाराच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र तिला आणखी एक अर्थ आहे. 'भोजनकुतूहल' या संस्कृत ग्रंथाचा कर्ता रघुनाथ गणेश नवहस्त याला याच दीपाबाईचा आश्रय लाभला होता. प्राच्यविद्यापंडित प. कृ. गोडे यांनी या ग्रंथाचा काळ १६७५ ते १७०० असा निश्चित केला आणि जिलेबीच्या इतिहासासाठी त्यातील कृतीचे महत्त्व दाखवून दिले.

ज्या स्त्रीच्या नावे बंगळूरचा महसूल लावून दिला होता, तीच स्त्री अन्नविषयक ग्रंथ रचणाऱ्या पंडिताची आश्रयदाती असावी, या योगायोगातून मोठे सिद्धान्त काढण्याचे कारण नाही. तथापि दक्षिणेतील मराठी आहारपरंपरेच्या लिखित साधनांमागे राजस्त्रियांचा आश्रय आहे, ही नोंद महत्त्वाची आहे. दुसऱ्या सरफोजीच्या (१७९८-१८३२) नावाशी निगडित 'शरभेंद्रपाकशास्त्र' हा ग्रंथही याच परंपरेतील पुढचा टप्पा. मात्र ही सर्व साधने दरबाराची आहेत. सामान्य घरातील चुलीचा इतिहास त्यांत सापडत नाही, तो घरबोलीतील शब्दांत शोधावा लागतो.

३. सांबाराची कथा

दक्षिणेतील मराठी आहाराचा विषय निघाला की एक आख्यायिका हटकून सांगितली जाते. तंजावरच्या मुदपाकखान्यात आमटीसाठी आमसुले संपली, म्हणून चिंच वापरली गेली आणि पाहुणा असलेल्या संभाजी महाराजांच्या नावावरून त्या पदार्थाला 'सांबार' हे नाव पडले, अशी ही कथा. मराठी माणसाच्या अभिमानाला ती सुखावते, म्हणूनच तिची चिकित्सा आवश्यक आहे.

पहिला आक्षेप वस्तूचा. आमसूल हे मुख्यतः कोकणच्या स्वयंपाकातले आंबट. भोसले घराणे देशावरचे, आणि देशावरील आमटीत चिंच-गूळ हे नित्याचेच. चिंचेचा 'शोध' लागण्यासाठी मराठी आचाऱ्याला तंजावरपर्यंत जाण्याची गरज नव्हती. दुसरा आक्षेप शब्दाचा. 'संभार' या संस्कृत शब्दाचा अर्थ सामग्री किंवा साहित्याचा संचय. कन्नडमध्ये 'सांबार पदार्थ' म्हणजे मसाल्याचे जिन्नस, आणि विदर्भात आजही कोथिंबिरीला 'सांबार' म्हणतात. व्यक्तिनामाचा आधार न घेता या शब्दाची संगती लागते. तिसरा आक्षेप साधनांचा. ही कथा ज्या भेटीवर उभी आहे, तिच्यासाठी कोणतेही समकालीन साधन पुढे केले जात नाही.

आख्यायिका बाजूला सारली म्हणजे नाते संपत नाही, उलट ते अधिक खोल जाते. मराठीत 'आमटी' हे नाव आंबटपणावरून आले. कन्नडमध्ये त्याच जातीच्या कालवणाला 'हुळि' म्हणतात आणि 'हुळि' म्हणजे आंबट. तमिळमधील 'पुळि' हा त्याच मुळाचा शब्द आंबटपणा आणि चिंच हे दोन्ही अर्थ वाहतो. डाळ, मसाला, भाजी आणि आंबट यांनी सिद्ध होणाऱ्या पदार्थाला नाव देताना या भाषांनी आंबट हाच गुण निवडला. पदार्थाचा जनक कोण, या प्रश्नापेक्षा नामकरणाची ही समान दृष्टी तौलनिक अभ्यासाला अधिक काही देते.

४. शब्दांची देवघेव

अशी उदाहरणे एकटी नाहीत. पुरणासाठी शिजविलेल्या डाळीचे पाणी काढून त्याची जी कटाची आमटी होते, तिचे प्रतिरूप दक्षिण कर्नाटकातील 'ओबट्टिन सारु' होय. एका ठिकाणी हरभऱ्याची डाळ, दुसऱ्या ठिकाणी बहुधा तुरीची, परंतु गोड पक्वान्नाच्या उरलेल्या अंशातून त्याच जेवणातला तिखट-आंबट पदार्थ साधण्याची युक्ती एकच. 'सारु' आणि मराठी 'सार', 'कोसंबरि' आणि 'कोशिंबीर', 'चिरोटि' आणि 'चिरोटे' या जोड्यांत कोणाचे कोणाकडे गेले याचा निवाडा प्रत्येक शब्दापुरता स्वतंत्रपणे करावा लागेल. 'तूप' आणि 'अडकित्ता' यांसारखे शब्द कन्नडच्या संपर्कातून मराठीत आले, हे मात्र भाषाभ्यासकांनी मान्य केले आहे. शं. बा. जोशी यांनी मऱ्हाटी संस्कृतीच्या घडणीतील कन्नड अंश दाखविताना जो विचार मांडला, त्याचा पडताळा ग्रंथांइतकाच ताटातही येतो.

तंजावरी मराठी घरांतील 'डांगर पच्चडी' हे नाव या दृष्टीने विशेष बोलके आहे. भाजलेल्या उडदाचे पीठ दह्यात कालवून केलेला हा पदार्थ. 'डांगर' हा शब्द महाराष्ट्रातही उडदाच्या पिठाच्या याच जातीच्या पदार्थासाठी रूढ आहे. 'पच्चडी' हा द्राविडी भाषांतील शब्द, परंतु तोही 'पचडी' या रूपाने मराठी स्वयंपाकघरात नांदतो आहे. अर्धा शब्द आपला आणि अर्धा परका, असे म्हणावयास जावे तर परका अर्धाही आपल्याच घरी बसलेला आढळतो.

सणांच्या बाबतीत साम्याइतकाच भेदही सूचक आहे. संक्रांतीला तिळगूळ देताना 'गोड बोला' असे मराठी माणूस म्हणतो, तर कन्नड घरात 'एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि', म्हणजे तीळगूळ खाऊन चांगले बोला, असे म्हणतात. वाक्यांचा साचा आणि आशय एकच. भाद्रपदातील गौरी मात्र वेगळ्या. कर्नाटकातील स्वर्णगौरीचे व्रत गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी, तृतीयेस येते आणि त्यात सुपातून 'बागिन' देतात. महाराष्ट्रात त्या तिथीस हरितालिका असते, तर ज्येष्ठा गौरी चतुर्थीनंतर अनुराधा नक्षत्रावर येतात. बंगळुरातील मराठी कुटुंबाला या दोहोंचा मेळ घालावा लागतो. कोणत्या दिवशी गौर आणायची, हा निर्णय त्या कुटुंबाच्या सांस्कृतिक ओळखीचा निर्णय असतो, आणि तो बहुधा घरातील स्त्रिया घेतात.

५. उपनगर आणि घरबोली

मल्लपूर या जुन्या वस्तीचे आजच्या मल्लेश्वरमात रूपांतर झाले ते १८९८ च्या प्लेगनंतर. पेठेतील दाटीवाटीतून लोकांना मोकळ्या, आखीव वस्तीत नेण्याच्या योजनेतून बसवनगुडी आणि मल्लेश्वरम ही उपनगरे वाढली. या साथीच्या काळी म्हैसूर संस्थानात प्लेग कमिशनर म्हणून काम पाहणारे विश्वनाथ पाटणकर माधवराव हे कुंभकोणमच्या मराठी देशस्थ घराण्यातले. पुढे १९०६ ते १९०९ या काळात ते म्हैसूरचे दिवाण झाले. त्यांच्या आधीचे पी. एन. कृष्णमूर्ती (१९०१-०६) हे दिवाण पूर्णय्यांचे वंशज, आणि नंतरचे टी. आनंदराव (१९०९-१२) हे सर टी. माधवरावांचे पुत्र. तिन्ही घराणी देशस्थच. म्हणजे ज्या काळात मल्लेश्वरम वसले, त्या काळात बंगळूरच्या कारभारात मराठीशी नाते असलेली घराणी अग्रभागी होती. १६८७ मध्ये संपलेली सत्ता आणि विसाव्या शतकाच्या आरंभीचा हा प्रभाव यांत सलग वारसा नाही. पहिली जहागीर होती, दुसरा तंजावरमार्गे आलेला कारकुनी-प्रशासकीय वर्ग होता. या दोहोंना एकाच 'मराठेशाही'च्या सूत्रात ओवणे इतिहासाला धरून होणार नाही.

बंगळूरच्या मराठीतही असेच थर आहेत. पेठेतील भावसार व शिंपी समाजांची मराठी, गवीपुरम परिसरातील मराठा समाजाची मराठी, तंजावरी देशस्थांची घरबोली, आणि अलीकडच्या दशकांत नोकरीनिमित्त आलेल्यांची प्रमाण मराठी. मल्लेश्वरमात चित्रापूर सारस्वतांचा मठ असल्याने कोंकणीही तेथे ऐकू येते. तिला मराठीच्या खात्यात जमा करण्याचा मोह अर्थातच टाळला पाहिजे. या थरांपैकी सर्वांत नाजूक अवस्था तंजावरी घरबोलीची आहे. शाळेत तिला स्थान नाही, लेखनात ती क्वचितच येते, आणि प्रमाण मराठी बोलणारा तिला 'अशुद्ध' ठरवून मोकळा होतो. घराबाहेर कन्नड, तमिळ वा इंग्रजी बोलणाऱ्या पिढीच्या तोंडी तिचे जे अखेरचे शब्द टिकतात, ते प्रायः नात्यांचे आणि खाद्यपदार्थांचे असतात.

म्हणूनच दक्षिणेतील मराठीच्या अभ्यासाने दरबारी हस्तलिखितांइतकेच महत्त्व या घरगुती शब्दसंपत्तीच्या संकलनाला दिले पाहिजे. पदार्थाचे नाव, त्याची कृती, तो करण्याची तिथी आणि त्याविषयी घरात बोलली जाणारी वाक्ये अशी चतुर्विध नोंद बोलणारीच्या मूळ उच्चारासह व्हावयास हवी. प्रमाण मराठीत तिचे 'शुद्धीकरण' झाले तर अभ्यासाचा विषयच नष्ट होईल. तिच्या शेजारी त्याच गल्लीतील कन्नड, तमिळ आणि कोंकणी घरांतील समांतर नोंदी ठेवल्या, तरच तुलनेला अर्थ येईल. मल्लपुरच्या देवाला दान देताना एकोजीच्या लेखनिकाने कन्नड भाषा वापरली, ती रयतेला कळावी म्हणून. तीनशेपन्नासांहून अधिक वर्षांनी त्याच परिसरातील घरबोलीची नोंद करताना अभ्यासकाने निदान तेवढीच व्यवहारदृष्टी ठेवावी, आणि ती बोली जशी आहे तशी ऐकून घ्यावी. हे काम पुढच्या पिढीवर टाकता येण्याजोगे नाही, कारण त्या पिढीच्या कानावर ती पडण्याची शाश्वती आज कोणी देऊ शकत नाही.