झरीना : हरवलेल्या घराचे आराखडे

घर, स्मृती आणि विस्थापन हे विषय समकालीन भारतीय कलेत अनेक कलावंतांनी हाताळले आहेत. त्यांमध्ये झरीना हाश्मी यांच्या मुद्राचित्रांचे स्थान वेगळे आहे. कलाविश्वात त्या केवळ ‘झरीना’ या नावाने ओळखल्या जात. त्यांच्या चित्रांत माणसांच्या आकृती नाहीत, निर्वासितांचे तांडे नाहीत. आहेत त्या काही रेषा, घरांचे आराखडे आणि उर्दू शब्द.

झरीना यांचा जन्म १९३७ मध्ये अलीगढ येथे झाला. त्यांचे वडील अलीगढ मुस्लिम विद्यापीठात इतिहासाचे अध्यापक होते. झरीना यांनी स्वतः याच विद्यापीठातून १९५८ मध्ये गणिताची पदवी घेतली. फाळणीच्या वेळी त्या दहा वर्षांच्या होत्या. १९५९ मध्ये त्यांचे आई-वडील पाकिस्तानात, कराचीला स्थायिक झाले आणि अलीगढचे घर कायमचे सुटले. पती परराष्ट्र सेवेत असल्याने झरीना यांचा संसार देशोदेशी फिरत राहिला. पॅरिसमध्ये त्यांनी स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्या कार्यशाळेत मुद्राचित्रणाचे शिक्षण घेतले, तर टोकियोमध्ये लाकडी ठशांच्या तंत्राचा अभ्यास केला. पुढे न्यूयॉर्क ही त्यांची कर्मभूमी ठरली.

गणित आणि स्थापत्य यांची ओढ त्यांच्या कलेत स्पष्ट दिसते. ‘होम्स आय मेड / अ लाइफ इन नाइन लाइन्स’ (१९९७) या मालिकेत त्यांनी निरनिराळ्या शहरांत आपण राहिलेल्या घरांचे आराखडे कोरले. घर विकले जाते, पाडले जाते किंवा सीमेपलीकडे राहते. परंतु खोली कोठे होती आणि अंगण कोणत्या बाजूला होते, हे मनात पक्के राहते. आराखडा हा त्या स्मरणाचा सर्वांत काटेकोर पुरावा ठरतो.

‘होम इज अ फॉरेन प्लेस’ (१९९९) या ३६ चित्रांच्या संचात प्रत्येक चित्राचा आरंभ एका उर्दू शब्दापासून होतो. घर, उंबरठा, भिंत, अंगण, अंतर, सीमा अशा शब्दांना त्यांनी मोजक्या भौमितिक रेषांचे रूप दिले. घर सुटल्यावर मातृभाषा हेच घर होते, असा या संचाचा आशय आहे.

‘डिव्हायडिंग लाइन’ (२००१) या चित्रात भारत-पाकिस्तान सीमेची वेडीवाकडी काळी रेषा तेवढी दिसते. लाकडी ठशात कोरलेला भाग पांढरा राहतो आणि उंच राहिलेल्या भागाला शाई लागते. त्यामुळे ही रेषा उमटवण्यासाठी झरीना यांना तिच्या दोन्ही बाजूंची भूमी कोरून काढावी लागली. सीमा आखताना काय गमावले जाते, हे येथे तंत्रातूनच व्यक्त होते.

‘लेटर्स फ्रॉम होम’ (२००४) ही मालिका त्यांची पाकिस्तानातील बहीण राणी यांच्या पत्रांवर आधारलेली आहे. आई-वडिलांचा मृत्यू, घराची विक्री असे प्रसंग राणी यांनी लिहून ठेवले होते. मात्र ती पत्रे टपालात टाकलीच नव्हती. पुढे ती झरीना यांच्या हाती आली. त्या हस्ताक्षरावर त्यांनी घरांचे आराखडे आणि नकाशे छापले.

आपले दुःख त्यांनी स्वतःपुरते मर्यादित ठेवले नाही. २००३ मधील नऊ चित्रांच्या एका मालिकेत साराजेव्हो, बगदाद, अहमदाबाद, न्यूयॉर्क अशा हिंसेने होरपळलेल्या शहरांचे नकाशे आहेत.

२०११ मध्ये व्हेनिस द्वैवार्षिकात भारताचे पहिले अधिकृत राष्ट्रीय दालन उभारण्यात आले. मुंबईचे कवी व कलासमीक्षक रणजित होस्कोटे यांनी त्यासाठी निवडलेल्या कलावंतांत झरीना यांचा समावेश होता. २०१२ मध्ये लॉस एंजेलिस येथून सुरू झालेले त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन पुढे न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयातही भरले.

२५ एप्रिल २०२० रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. अलीगढचे घर त्यांना परत मिळाले नाही. त्याचा आराखडा मात्र कागदावर कायम राहिला आहे.