पायबंद नसलेले अरण्य

‘पायबंद’ म्हणजे मुळात घोड्याचे मागले पाय बांधण्याची दोरी. फारसीतून आपल्या पागांत आलेली ही दोरी कालांतराने कचेरीत शिरली आणि उधळपट्टीपासून पुंडाईपर्यंत सर्वांस पायबंद घातला जाऊ लागला. नेमकी हीच वाटचाल एका इंग्रजी शब्दाने केली असून अमेरिकेतील अरण्यांचा कायदा त्या शब्दावर उभा आहे, हे ध्यानात आल्यापासून मला चैन नाही.

कोलोरॅडोच्या व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वनातील ट्रॅपर्स सरोवराकाठी बंगल्यांच्या जागा आखण्यास १९१९ साली धाडलेल्या आर्थर कारहार्टने तेथे काहीच बांधू नये अशी उलटी शिफारस केली, आणि १९२४ साली ऑल्डो लिओपोल्डच्या खटपटीने न्यू मेक्सिकोतील हीला हे पहिले रक्षित अरण्य ठरले, हे सर्वश्रुत आहे. खरी मौज १९६४ च्या कायद्यात आहे. सिएटलच्या पॉली डायर यांनी ऑलिंपिक किनाऱ्याविषयी योजलेला ‘अनट्रॅमल्ड’ हा शब्द या कायद्याचा मसुदाकार हॉवर्ड झानायझर याने उचलला आणि साठांहून अधिक मसुदे पालटताना, स्नेह्यांचा विरोध पत्करूनही, अरण्याच्या व्याख्येत राखला.

पुष्कळजण तो ‘अनट्रॅम्पल्ड’, म्हणजे न तुडवलेले, असा वाचतात. ती निव्वळ नजरचूक. व्युत्पत्तिपंडित ‘ट्रॅमल’चे मूळ लॅटिन ‘तीन’ आणि ‘आस’ (जाळ्याचे छिद्र) या शब्दांत शोधतात: मोठ्या आसांच्या दोन पडद्यांमध्ये बारीक आसांचे सैल जाळे, ज्याची पिशवी होऊन मासा स्वतःच्याच धडकेने अडकतो. मूळ मला मान्य आहे. परंतु १६०० च्या सुमारास हाच शब्द घोड्याच्या पायांतील बंधनाला लागला, आणि ‘अडथळा’ हा अर्थ तेथूनच फुटला असे माझे ठाम मत आहे. जाळेपक्ष ‘मॅकबेथ’मधील ‘ट्रॅमल’ हे क्रियापद पुढे करील, करो बापडा. जाळ्यातला मासा संपतो. पायबंद घातलेला घोडा चरतो, धष्टपुष्टही दिसतो, केवळ आपल्या मर्जीने हिंडत नाही, आणि झाडे उभी असूनही माणसाच्या सोयीने वागणाऱ्या वनाचीच झानायझरला धास्ती होती.

गंमत अशी की, या अरण्यांत मोटारीस व सायकलीसही मज्जाव असल्याने ओझी घोड्याखेचरांवर जातात, आणि मुक्कामी त्यांचे पुढले पाय चामडी पट्ट्याने जखडल्यामुळे ती बिचारी टुणटुण उड्या मारीत चरतात.

तेव्हा भाषांतरकारांस विनंती एवढीच, की या कायद्यातील अरण्यास ‘अस्पर्श’ म्हणू नये. ‘पायबंद नसलेले’ म्हणावे.