पुसलेला ठिपका

तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशा नावाचे गाव आहे. पूर्वी ते धुळे जिल्ह्यात होते, १९९८ पासून नंदुरबारमध्ये आले. तिथल्या पांढरीत १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केले. तळाशी ताम्रपाषाणयुगातली वस्ती, तिच्यावर लोखंड वापरणाऱ्यांची, अशा एकूण चार कालखंडांच्या वस्त्या एकीवर एक निघाल्या. मी इतिहास शिकवणारा, मला थरापेक्षा दोन थरांमधली सीमा जास्त बोलकी वाटते. जुनी वस्ती का मोडली, नवे लोक कधी आले, ते कळले तर तिथेच कळायचे. पण तिथवर पोहोचायचे तर वरचा थर काढावा लागतो, आणि एकदा खणलेले पुन्हा खणता येत नाही.

हे आठवण्याचे कारण मात्र निराळेच. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात टिन ऑक्साइड, झिंक ऑक्साइड अशा पदार्थांचे थर बनवून हवेतले वायू ओळखण्यावर संशोधन झाले आहे. त्या निमित्ताने ऑक्साइडच्या पातळ थरांविषयी वाचू लागलो, तर तिथेही हीच अडचण! लँथॅनम ॲल्युमिनेट आणि स्ट्रॉन्शियम टायटनेट हे दोन्ही ऑक्साइड वीज वाहू न देणारे. पण ठरावीक रीतीने एकावर दुसऱ्याचा थर चढवला, तर मधल्या सीमेवरून वीज वाहते, असे ओटोमो आणि ह्वांग यांनी २००४ मध्ये दाखवले. ही सीमा वरच्या थराखाली पुरलेली. कापून पाहावे तर नमुना गेला. मग न खणता बघायचे कसे?

या प्रश्नाचे एक उत्तर १९६१ पासून सुरू होते. लेसर जन्मून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी रुबी लेसरचा लाल झोत क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाठवला. आत गेला तो ६९४३ अँगस्ट्रॉमचा प्रकाश. बाहेर त्याच्यासोबत अगदी क्षीण असा ३४७२ अँगस्ट्रॉमचा, म्हणजे दुप्पट वारंवारतेचा, अतिनील प्रकाशही आला. फोटोच्या काचेवर त्याचा बारीकसा ठिपका उमटला. छापणाऱ्यांना तो धुळीचा डाग वाटला आणि त्यांनी पुसून टाकला! त्या लेखातल्या चित्रात आजही बाण आहे, बाणापुढे काहीच नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुने कागद जपणाऱ्यांना यावर हसू येईल की रडू, सांगवत नाही.

असो. हा दुप्पट वारंवारतेचा प्रकाश सगळीकडे निघत नाही. ज्या स्फटिकाची रचना मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखी असते, तिथे एका बाजूचा प्रतिसाद दुसरी बाजू खोडून काढते. स्ट्रॉन्शियम टायटनेट त्यातलेच. सीमेवर मात्र इकडे एक पदार्थ, तिकडे दुसरा; तोल मोडतो आणि प्रकाश निघतो. आमच्याकडे बांधाच्या अलीकडे केळी, पलीकडे कपाशी असते. केळीच्या मधोमध उभे राहा, चहूकडे केळीच. फरक दिसतो तो बांधावरून. वरचा ऑक्साइड पारदर्शक, त्यामुळे लेसर सीमेपर्यंत पोहोचतो, आणि परत आलेल्या प्रकाशातला दुप्पट वारंवारतेचा भाग मुख्यतः तिथलीच खबर आणतो.

हे साधन नेपल्सच्या एका गटाने याच जोडीवर वापरले. त्यांचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. लँथॅनम ॲल्युमिनेटचा थर वेगवेगळ्या जाडीचा घेऊन त्यांनी मोजमाप केले. जाडी मोजायची ती स्फटिकाच्या सर्वांत लहान घराने. असे एक घर मिलिमीटरच्या साधारण पंचवीस लाखाव्या भागाएवढे. चार घरे झाल्याशिवाय वीज वाहत नाही, हे आधीच ठाऊक होते. पण प्रकाशातला पहिला ठळक बदल तीन घरांवरच दिसला. विजेचा मीटर लावून बसणाऱ्याला तिथे काहीच घडले नाही असे वाटले असते. दुसरा बदल चार ते सहा घरांच्या दरम्यान आला.

तीन घरांवर काय हलले? संशोधकांनी दोन शक्यता मांडल्या. इलेक्ट्रॉन सीमेवर आले, पण जागीच अडकून पडले, ही एक. दुसरी, वरच्या थरातले आयनच आपल्या जागेवरून सरकले. मला पहिली अधिक पटते, पण माझ्या पटण्याला इथे किंमत नाही. त्यांनी दोन्ही तशाच ठेवल्या आहेत.