हट्ट त्यांचा, जिद्द आपली

मराठीत एकाच खोडीला माणूस पाहून नाव मिळते. आपली ती जिद्द, पोराचा तो हट्ट, साहेबांचा निग्रह, सासऱ्यांचा करारीपणा आणि शेजाऱ्याचा शुद्ध आडमुठेपणा. काम तेच, हुद्दा तेवढा वेगळा.

यातला 'हट्ट' संस्कृत 'हठ'चा वंशज. 'जिद्द' मात्र अरबीतून, फारसी-उर्दूची वाट तुडवत आली. उर्दूत 'जिद्दी' म्हटले की बहुधा रुसलेले पोर डोळ्यांपुढे येते. मराठीत त्याच शब्दाला बढती मिळाली. निजामाच्या राज्यात आमच्या धाराशिवच्या कचेऱ्यांचा कारभार उर्दूतच चाले, म्हणून मला या बढतीचे भारी कौतुक!

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस निघायची होती. निजाम सरकारने तिच्यावर जन्माआधीच बंदी घातली. मोठा आक्षेप होता नावावर. 'काँग्रेस' शब्द नको, दुसरे काहीही ठेवा. व्यवहारी माणूस म्हणेल, ठेवा की! नावाने काय पोट भरते? पण मी पडलो बँकेतला कारकून. सहीतली एक वेलांटी हलली की चेक परत जातो.

स्वामी रामानंद तीर्थ हे आमच्या जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतले मास्तर. १९३२ साली संन्यास घेतला, घरदार सोडले, नाव-गावसुद्धा सोडले. हा एक शब्द मात्र सोडीनात. सत्याग्रह झाले, तुरुंगवाऱ्या झाल्या. बंदी उठली ती थेट १९४६ साली. एका शब्दापायी आठ वर्षे! त्यात कित्येकांचे संसार उघड्यावर पडले. त्या घरांतल्या बायकांनी याला काय म्हटले असेल, ते कोणी लिहून ठेवले नाही.

पुढे निजामाने भारतात यायचे नाही म्हणून राजहट्ट धरला. तो तेरा महिने टिकला. १३ सप्टेंबर १९४८ला फौजा सोलापूरकडून शिरल्या, पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आला आणि १७ तारखेला खेळ आटोपला.

त्या मीर उस्मान अली खानांचे नाव जिल्ह्याच्या पाटीवर मात्र २०२३पर्यंत राहिले. तोवर आमच्या काउंटरवरचे आजोबा फॉर्मवर 'उस्मानाबाद' लिहीत आणि कुठले म्हणून विचारले, की ठसक्यात 'धाराशिव' सांगत. आता पाटी बदलली, तरी त्यांतले एक अजून 'उस्मानाबाद'च लिहितात. "खातं उघडलं तवा तसंच लिहिलं होतं," म्हणतात.