तळटीप : ‘तशा बऱ्यापैकी आवडण्याजोग्या’

* मूळ शब्द ‘लाइकेबल इनफ’. प्रसंग ५ जानेवारी २००८चा, न्यू हॅम्पशरमधल्या मँचेस्टर इथल्या डेमोक्रॅटिक उमेदवारांच्या जाहीर वादसभेतला. दोनच दिवसांपूर्वी आयोवात हिलरी क्लिंटन तिसऱ्या आल्या होत्या. प्रश्न असा : तुमचा अनुभव लोकांना मान्य, पण आवडतात ओबामा, त्याचं काय? ‘मन दुखावलं बरं का,’ असं क्लिंटन लटक्या रुसव्याने म्हणाल्या. सभागृह हसलं. ओबामा आवडण्याजोगे आहेतच, पण मीही काही इतकी वाईट नाही, अशी पुस्ती त्यांनी जोडली, तेवढ्यात ओबामा खाली मान घालून हे बोलून गेले. सगळी मेख त्या ‘इनफ’मध्ये, म्हणून ‘बऱ्यापैकी’. ‘लोकप्रिय’ इथे चालत नाही, ती मतांची गोष्ट झाली. ‘लाघवी’ तर क्लिंटनबाईंना त्यांच्या समर्थकांनीही म्हटलं नसतं. तीन दिवसांनी त्यांनी न्यू हॅम्पशर सुमारे ३९ विरुद्ध ३६ टक्क्यांनी जिंकलं. लेखक त्याचं श्रेय या एका वाक्याला देतात. मतदानाच्या आदल्या दिवशी पोर्ट्समथच्या कॉफीगृहात मतदारांशी बोलताना क्लिंटन यांचा दाटून आलेला कंठ ते विसरतात. प्रश्नातला ‘अनुभव’ म्हणजे सिनेटमधली सात वर्षं, शिवाय व्हाइट हाउसमधली आठ. ओबामांची सिनेटमधली जेमतेम तीन. — सं.