औंधच्या प्रतिनिधींचे सत्तादान

छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात निर्माण झालेले 'प्रतिनिधी' हे पद, म्हणजे छत्रपतींच्या वतीने कारभार पाहणारे अष्टप्रधानांहून वरचे स्थान, ज्या घराण्याकडे वंशपरंपरेने राहिले, त्याच्या औंध संस्थानात अवघी ७२ गावे होती आणि तीही सलग नव्हती. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये, महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या घटनेद्वारे, आपले अधिकार ग्रामपंचायतींच्या पायावर उभ्या राहिलेल्या लोकसत्तेकडे सोपवले. गादीवरील पुरुषाने सत्ता स्वतःहून सोडावी, ही असामान्य घटना होय, आणि इतिहासग्रंथांनी तिला दिलेली जागा अपुरीच आहे. या प्रयोगात पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन सहभागी होते, आणि कैद्यांनी भिंतींवाचून शेती करत राहावे अशी आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही खुली वसाहत त्याच काळात वसली.

राजपुत्र अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डमध्ये शिकून या कारभारात उतरले व पुढे संस्थानचे पंतप्रधान झाले. १९४८ मध्ये औंध विलीन झाले, आणि त्याच वर्षी अप्पासाहेब पूर्व आफ्रिकेतील भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. पुढे इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, ब्रिटन व इटली येथेही त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले.